प्रयोगशाळेमागच्या दोन खोल्या

निरोप समारंभाच्या दिवशी सकाळपासून सगळा वर्ग रडत होता. मुली एकमेकींच्या गळ्यात पडत होत्या, मुलं डोळ्यांत काहीतरी गेल्याचं सांगत होती, आणि ज्या गणिताच्या सरांना वर्षभर मनातल्या मनात शिव्या घातल्या, त्यांच्याच भोवती सहीसाठी शर्ट पुढे करून गर्दी उसळली होती. एकटी घंटी तेवढी कोरड्या डोळ्यांनी सभागृहात खुर्च्या लावत होती.

घंटी हे तिचं खरं नाव नव्हे. शाळेची घंटा तिचे वडील वाजवायचे, म्हणून पहिलीत कुणीतरी तिला घंटी म्हणालं, आणि ते चिकटलं ते चिकटलंच. वडील शाळेचे शिपाई. सगळी शाळा त्यांना मामा म्हणायची, गणिताचे सरसुद्धा. त्या नात्याने अख्खी शाळा आपली आतेभावंडं लागते, असं घंटी म्हणायची. वर्गातली टवाळ मुलं त्यावर जे म्हणायची ते इथे सांगण्यासारखं नाही.

त्यांचं घर म्हणजे प्रयोगशाळेच्या मागच्या भिंतीला टेकलेल्या दोन खोल्या. पुढच्या खोलीची खिडकी मैदानावर उघडायची. मागच्या खोलीत भिंतीतून रसायनांचा वास झिरपायचा, आणि तो आईच्या उशांनाही यायचा. शाळा सुटली की बाकीची मुलं घरी जायची. घंटीच्या मागे शाळाच घरी यायची. रविवारी कुणी शिक्षक छत्री विसरले, की खिडकीवर टकटक. वर्गात तिला कुणी रागावलं, तर ते आईला कणीक मळता मळता ऐकू जायचं. एकदा ताप आला म्हणून ती झोपून राहिली, तर पलीकडच्या वर्गात भूगोलाच्या सरांनी मुद्दाम आवाज चढवून धडा शिकवला, म्हणजे तिचा बुडायला नको. मायेनेच केलं त्यांनी. पण अंगात ताप असताना पांघरुणाखाली वाऱ्यांचे प्रकार ऐकत पडलेल्या घंटीला त्या दिवशी पहिल्यांदा वाटलं, की आपल्याला इथून सुटका नाही.

म्हणून शेवटच्या वर्षी त्याच भूगोलाच्या सरांनी दुसऱ्या शहरातल्या भूमापन संस्थेचं सांगितलं, तेव्हा तिने लगेच परीक्षा दिली. दोन वर्षांचा अभ्यासक्रम. जमीन मोजायची, नकाशे काढायचे, उन्हातान्हात दुर्बीण घेऊन हिंडायचं. राहण्याजेवणाची सोय संस्थेचीच. तिची निवड झाली. घरी सांगितलं तेव्हा बाबा बराच वेळ चहाच्या कपाकडे बघत राहिले आणि म्हणाले, "बघू."

बाबांच्या भाषेत 'बघू' म्हणजे नाही. आई भांडी घासायला उठली.

अडचण काय होती ते सगळ्यांना कळत होतं, फक्त कुणी तोंडाने म्हणत नव्हतं. उन्हाळा संपता संपता बाबा निवृत्त होणार होते. त्यांचे गुडघे तर आधीच निवृत्त झाले होते. नोकरी गेली की खोल्या गेल्या. मग जायचं कुठे, तर गावाच्या दुसऱ्या टोकाला काकाकडे. काकाचं टायरचं दुकान, वर त्याचं घर, आणि त्या घरात काकू. काकू वाईट नव्हती, पण दुसऱ्याच्या ताटात किती वाढलं गेलं याकडे तिचं बरोबर लक्ष असायचं. तिच्याकडे दोन दिवस पाहुणी म्हणून जाणंसुद्धा आईच्या जिवावर यायचं.

तर समारंभ सुरू झाला. मुलांची भाषणं झाली. एक जण मधेच अडखळला आणि हुंदका देऊन खाली बसला, त्याला सगळ्यात जास्त टाळ्या मिळाल्या. घंटी मागच्या रांगेत चष्मिसशेजारी बसली होती. चष्मिस तिची पहिलीपासूनची मैत्रीण. भूमापनाचं घराबाहेर फक्त तिला आणि सरांना माहीत होतं.

शेवटी मोठ्या बाई उठल्या. मोठ्या बाई म्हणजे मुख्याध्यापिका. शाळेत कुणाच्या डब्यात काय असतं इथपासून कुणाच्या घरी कोण आजारी आहे इथपर्यंत सगळं त्यांना पाठ असायचं, आणि त्यातलं जे सुधारता येईल ते सुधारल्याशिवाय त्यांना चैन पडायचं नाही.

"तुम्ही सगळे आज चाललात," त्या म्हणाल्या. "पण तुमच्यातलं एक लेकरू मी काही सोडणार नाही."

मुलं हसली. बाई पुढे म्हणाल्या, "आपले मामा यंदा निवृत्त होतायत. इतकी वर्षं या शाळेला त्यांनी स्वतःचं घर मानलं. मग शाळेनेही काही मानायला हवं की नको? आपल्या प्रयोगशाळेला मदतनीस हवा होता. कालच्या बैठकीत ठरलं, की नव्या वर्षापासून ती जागा आपल्या घंटीला द्यायची. मामांना खोल्या सोडायची गरज नाही. घंटी, ये बाळ, वर ये."

टाळ्यांनी छत उडायचं बाकी राहिलं. पुढच्या रांगेतली मुलं उभी राहिली, मग सगळंच सभागृह उभं राहिलं. घंटीने बाबांकडे पाहिलं. ते व्यासपीठाच्या कडेला, माइकची वायर सांभाळत उभे होते. त्यांनी नवा शर्ट घातला होता. सकाळी तिने विचारलं होतं, आज नवा का, तर म्हणाले होते, तुझा समारंभ ना. आता तिला कळलं. बाबा टाळ्या वाजवत नव्हते, तिच्याकडे बघतही नव्हते. ते मान खाली घालून हसत होते, आणि इतकं मोकळं हसताना तिने त्यांना कधी पाहिलं नव्हतं.

चष्मिसने तिचा हात घट्ट धरला होता. तो सोडवून ती उठली. खुर्च्यांच्या मधून वाट काढताना जो तो तिच्या पाठीवर थोपटत होता, आणि त्या थोपटण्यानेच ती पुढे ढकलली जात होती. वर गेल्यावर बाईंनी तिच्या हातात प्रयोगशाळेच्या किल्ल्यांचा जुडगा ठेवला. त्याला लाल फीत बांधली होती.

"दोन शब्द बोल," बाई म्हणाल्या.

घंटीने माइक धरला. समोर तीनशे चेहरे खुशीत होते. त्यांतल्या एकालाही तिचं वाईट व्हावं असं वाटत नव्हतं, आणि हेच कठीण होतं. कुणी दुष्टपणा केला असता तर तिला बोलता आलं असतं.

"थँक यू, बाई," ती म्हणाली आणि खाली उतरली.

नंतर फोटो झाले. मुली तिला मिठ्या मारत म्हणत होत्या, तुझं बरं आहे बाई, आम्हाला अजून कशाचा पत्ता नाही. एक म्हणाली, आम्ही येत जाऊ गं, तू असशीलच की इथे. उन्हं उतरायला लागली तशी सगळी वरात फाटकाकडे निघाली आणि घंटी त्यांना पोचवायला गेली. एकेक जण बाहेर पडत होता, वळून शाळेकडे बघत होता, आणि शाळेच्या पुढ्यात घंटी उभी होती. ते शाळेला हात करत होते की आपल्याला, हे तिला कळेना.

चष्मिस सगळ्यात शेवटी निघाली. "आणि तुझं ते?" तिने हळूच विचारलं.

"बघू," घंटी म्हणाली, आणि स्वतःच्या तोंडून बाबांचा शब्द ऐकून चपापली.

बाबांनी फाटक लावून घेतलं. मग दोघं सभागृहात खुर्च्या उचलायला गेले. घंटी चार-चार खुर्च्या एकात एक घालून भिंतीला लावत होती, बाबा दोन-दोन.

"तुम्हाला माहीत होतं," ती म्हणाली.

"हो."

"बाईंनी आपणहून दिली?"

बाबांनी हातातल्या खुर्च्या खाली ठेवल्या. "मी मागितली. आयुष्यात कुणापुढे हात पसरला नाही मी. एवढंच एक मागितलं."

"मला विचारायचंत ना, बाबा."

"विचारलं असतं तर तू नाही म्हणाली असतीस."

"म्हणजे तेही माहीत होतं."

बाबा एक खुर्ची ओढून बसले आणि गुडघे चोळू लागले. "तुझी आई त्या काकूच्या हाताखाली सहा महिने काढणार नाही," ते म्हणाले. "मी पाहिलंय तिथलं. पाणी प्यायचं तरी तुझी आई विचारते, घेऊ का म्हणून."

घंटी घरी गेली, तर आईने पडदे धुवायला काढले होते. इतके दिवस ती म्हणायची, आता कशाला धुवायचे, जायचंच आहे. घंटी दारातच थांबली.

"आई, तुला इथेच राहायचंय का?"

आईने आढेवेढे घेतले नाहीत. "मला राहायचंय," ती म्हणाली. "उगाच खोटं कशाला बोलू? या वयात मला दुसऱ्याच्या स्वयंपाकघरात उभं राहायचं नाहीये."

"आणि माझं?"

"तुझं वय आहे अजून. एक-दोन वर्षं कर. मग जा कुठे जायचं ते."

पण संस्थेतली जागा वर्षभर थांबणार नव्हती, हे आईलाही माहीत होतं. तिने पडदा बादलीत बुडवला आणि विषय संपवला.

पुढचे काही आठवडे घंटी दिवसा प्रयोगशाळेत जात राहिली. सुट्टी होती, पण बाई म्हणाल्या होत्या, आत्तापासून हात बसू दे. परीक्षानळ्या धुवायच्या, बाटल्यांवरच्या पुसट झालेल्या चिठ्ठ्या बदलायच्या, कपाटावरच्या सांगाड्याची धूळ पुसायची. एका मोठ्या बरणीत पिवळ्या पाण्यात एक बेडूक होता. ती सहावीत असतानाही तो तिथेच होता, हात वर करून. घंटी त्या बरणीकडे पाठ करून काम करायची. भिंतीपलीकडे आई फोडणी टाकायची ते तिला ऐकू यायचं, आणि तिच्या हातून बाटली निसटली तर आई तिकडून विचारायची, "काय फुटलं गं?"

रात्री अंथरुणावर पडलं की तिला वाटायचं, भिंत मधे आहे म्हणून काय झालं, झोपतेही मी प्रयोगशाळेतच.

संस्थेत हजर व्हायची तारीख जवळ येत होती. भूगोलाच्या सरांनी दोनदा विचारलं, तिने दोनदा टाळलं. काही करायचं असं तिने ठरवलं नव्हतं. खरं सांगायचं तर ती हळूहळू सरावत चालली होती. आईचा चेहरा उजळला होता. बाबा दर संध्याकाळी प्रयोगशाळेत येऊन बसायचे आणि तिला काम समजावायचे. कोणत्या कपाटाचं कुलूप अडतं, कोणत्या सरांना चहात साखर चालत नाही, तपासनीस येणार असले की काय काय लपवायचं. त्यांना शिकवायला फार आवडत होतं, आणि तिलाही ऐकायला वाईट वाटत नव्हतं.

एका संध्याकाळी मोठ्या बाई प्रयोगशाळेत डोकावल्या. नव्या पडद्यांचं माप घ्यायचं होतं. घंटी टेबलाला टेकून, हात मागे बांधून त्यांच्याशी बोलली. बाई गेल्यावर बाबा म्हणाले, "बाळ, एक सांगू? राग नको मानूस."

"सांगा ना."

"बाई बोलत असताना हात मागे नाही ठेवायचे. पुढे घ्यायचे. असे."

ते उभे राहिले. पाय जुळवले, दोन्ही हात पोटापाशी एकावर एक ठेवले, मान जराशी डावीकडे कलती केली. मग म्हणाले, "आणि टेकायचं नाही. दुखलं तरी. बाई काही बोलणार नाहीत, पण त्या बघतात."

घंटी बघत राहिली. बाबांना असं उभं राहिलेलं तिने हजारदा पाहिलं होतं. तिला वाटायचं, बाबांचा बांधाच तसा आहे. ते कधी काळी शिकून घेतलेलं असेल, कुणीतरी त्यांनाही असंच प्रेमाने शिकवलं असेल, हे तिच्या ध्यानीमनी नव्हतं.

"करून बघ," बाबा म्हणाले.

तिने पाय जुळवले. हात पुढे घेतले. बाबांनी तिचा उजवा हात डाव्यावर नीट ठेवला आणि समाधानाने मान हलवली. "जमलं बघ."

हात तसेच ठेवून ती म्हणाली, "बाबा, मी उद्या बाईंना नाही म्हणून सांगणार आहे."

बाबांना आधी कळलंच नाही. मग त्यांचा चेहरा उतरत गेला. ते रागावले असते तर बरं झालं असतं. ते फक्त म्हणाले, "आईला तू सांग. माझ्याने नाही व्हायचं."

आईला तिने त्याच संध्याकाळी सांगितलं. आईने ऐकून घेतलं, गॅस बंद केला आणि मागच्या खोलीत जाऊन दार लोटून घेतलं.

सकाळी घंटी मोठ्या बाईंच्या खोलीत गेली. किल्ल्या तिने टेबलावर ठेवल्या.

"बस," बाई म्हणाल्या.

त्या खोलीत बाबा कधी बसलेले तिला आठवत नव्हते. ती खुर्ची ओढून बसली. खुर्ची मऊ होती, पाय धड जमिनीला टेकत नव्हते.

"बाई, मला भूमापनाला जायचंय. माझी निवड झालीये. मला आधीच सांगायला हवं होतं."

बाई चकित झाल्या, पण त्यांनी तसं दाखवलं नाही. "मामा काही बोलले नाहीत."

"ते बोलणार नाहीत."

"एक वर्ष कर. पुढच्या वर्षी मी स्वतः तुला तिथे पाठवते."

"पुढच्या वर्षी मी जाणार नाही, बाई. मला माहीत आहे. मला आत्ताच सवय व्हायला लागलीये."

बाईंनी किल्ल्या तिच्याकडे सरकवल्या. "मी याच शाळेत शिकले. इथेच शिकवलं, आता इथूनच जाईन. माझं काय वाईट झालं?"

बाईंचं काही वाईट झालेलं दिसत नव्हतं. घंटी किल्ल्यांकडे बघत बसली, त्यांना हात न लावता.

"एवढ्या सगळ्यांसमोर जाहीर केलं मी," बाई म्हणाल्या, आणि त्यांचा आवाज पहिल्यांदा दुखावलेला वाटला. "लोक काय म्हणतील, मामांच्या मुलीला शाळा नको झाली. आणि खोल्यांचं काय? कुणाला तरी ती जागा द्यावी लागेल, मग खोल्याही."

"हो. आम्ही काकाकडे जाऊ."

"आम्ही म्हणजे ते दोघं जातील. तू नाही."

हे घंटीला लागलं, कारण ते खरं होतं. तिच्या डोळ्यांत पाणी आलं, पण ती उठली नाही. बाईंनीच शेवटी किल्ल्या उचलून खणात टाकल्या, आणि खण लावताना म्हणाल्या, "हजर कधी व्हायचंय?"

निवृत्तीच्या दिवशी शाळेने बाबांना घड्याळ दिलं. त्यांनी ते हातात घातलं नाही, खिशात ठेवलं. सामान टेम्पोत भरलं तेव्हा मदतीला चष्मिस आणि तिचा भाऊ आले होते. आईने दोन्ही खोल्या झाडून घेतल्या, धुतलेले पडदे काढून घडी घालून बरोबर घेतले, आणि सबंध वेळ घंटीशी एक शब्द बोलली नाही. काकाने दुकानावरची मागची खोली दिली. मधे एक पडदा टाकला की दोन खोल्या झाल्यासारखं वाटायचं. खाली दिवसभर टायर ठोकायचा आवाज. काकूने पहिल्याच दिवशी फडताळातली एक फळी रिकामी करून दिली आणि म्हणाली, "एवढी पुरेल ना वहिनी?" आई म्हणाली, "पुष्कळ झाली."

तीन दिवसांनी घंटी गेली. आई निरोप द्यायला खाली उतरली नाही.

संस्थेत ती रमली, असं एकदम म्हणता येणार नाही. पहिले काही महिने तिला झोपच यायची नाही. मोजणीच्या तासाला माळावर उभं राहून दुर्बिणीतून बघताना लांबवर क्षितिज दिसायचं, आणि त्याच क्षणी मनात यायचं, आत्ता आई पाणी प्यायला विचारत असेल. इतका मोकळा माळ, पण छातीवरचं ओझं हलायचं नाही. बाहेर पडल्यावर मोकळं वाटेल, असं तिला कुणी सांगितलं नव्हतं. तीच तसं धरून चालली होती.

दर रविवारी ती फोन करायची. बाबा बोलायचे. गुडघ्यांचं सांगायचे, काकाच्या दुकानात बसून जरा मदत करतो म्हणायचे. "आई?" तिने विचारलं की म्हणायचे, "बाहेर गेलीये." आई काही बाहेर जाणाऱ्यांतली नव्हती. मागे भांड्यांचा आवाज यायचा. दोघंही तो ऐकून न ऐकल्यासारखं करायचे.

थंडी सुरू झाल्यावर एका रविवारी फोन लागला तेव्हा पलीकडून कुणी बोललंच नाही. घंटीने दोनदा हॅलो म्हटलं.

"मी आहे," आई म्हणाली.

घंटी भिंतीला टेकून खाली बसली.

"मी अजून रागावलेली आहे," आई म्हणाली.

"माहीत आहे."

"इथे फार आवाज असतो. दुपारी पडताही येत नाही."

"हं."

"काल मी काकूला न विचारता चहा ठेवला. ती बघत राहिली. मी म्हटलं, तुला हवा का?"

घंटीला हसू आलं, पण तिने ते गिळलं. आईला ते चाललं असतं की नाही, कळत नव्हतं.

"तुझ्या खोलीला खिडकी आहे का?" आईने विचारलं.

"आहे."

"कशावर उघडते?"

घंटीने वळून पाहिलं. बाहेर सायकली लावायची जागा होती, तिच्यापुढे कुंपण, कुंपणापलीकडे रस्ता, आणि रस्त्यावर तिच्या ओळखीचं कुणी नव्हतं. ती हे सगळं आईला सांगायला लागली, आणि आईने मधे न बोलता ऐकून घेतलं.